कातरपाणी

तापीकाठी, प्रकाशा गावाच्या अलीकडे, गुजर पाटलांच्या एका गावात भटू लोटन पाटील नावाचा गुळव्या होता. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, एवढीच काय ती त्याची इस्टेट. काहिलीतला उसाचा रस उकळून सोनेरी झाला की भटू थेंबभर पाक बोटांत धरायचा, तार ओढून बघायचा आणि म्हणायचा, "आजून दोन लाकडं." नाहीतर म्हणायचा, "उतारा." त्या दोन बोटांची चूक कुणी कधी काढली नाही. उरलेल्या देहाबद्दल सांगण्यासारखं फारसं नव्हतं, कारण तो देह दिवसाचा बराचसा वेळ आडवा असायचा.

ह्या आडवेपणानंच घात केला. १९५८ सालच्या माघात चुलतभाऊ रूपचंदच्या गुऱ्हाळावर भटू उसाच्या चिपाडावर टेकला, आणि टेकला तो झोपलाच. उठला तेव्हा काहिलीत गूळ नव्हता, डांबर होतं. रस्त्यावर ओतलं असतं तर सरकारनं आभार मानले असते. रूपचंद हातातलं लाकडी फावडं घेऊन वेशीपर्यंत त्याच्यामागं धावला. भटूला कुणी पळताना पाहिलं ते तेवढंच. दुसऱ्या दिवशी बायको जसोदाबाई आणि एक वळकटी घेऊन तो नंदुरबारला आला आणि स्टेशनावर हमाली करू लागला.

स्टेशनावर एके दिवशी मुंबईहून एक लाकडी पेटी आली. पेटीला भोकं होती आणि आतून चूंचूं आवाज येत होता. पत्ता होता सरकीच्या एका जुन्या गोदामाचा. भटूनं पेटी डोक्यावर घेतली. अर्ध्या वाटेत त्यातून कोमट काहीतरी कपाळावर ओघळलं, तेव्हा आत मिठाई नाही एवढं त्याला कळलं.

गोदाम प्रमिलाबाई पाटील यांचं होतं. बाई तिथल्याच एका बड्या शेतकऱ्याची लेक. मुंबईला शिकल्या, तिथल्या प्रयोगशाळेत राहिल्या, लग्नाचं कुणी विचारलं तर "सध्या वेळ नाही" म्हणत छत्तिशीच्या झाल्या. वडलांना अर्धांगवायू झाला म्हणून गावी परतल्या, पण येताना सरकारचं एक लहानसं अनुदान, एक मायक्रोस्कोप आणि भलताच हट्ट घेऊन आल्या. गोदामाला चुना दिला, रॉकेलवर चालणारा फ्रिज बसवला आणि दारावर पाटी लावली : 'कर्कपेशी संशोधन'. पहिला महिनाभर लोक पत्रिका घेऊन येत होते. कर्क राशीला साडेसाती कधी लागते, असं विचारत होते.

भटूनं पेटी उतरवली. आत पांढरे उंदीर होते, लाल डोळ्यांचे. बाईंचं तिकडं लक्ष नव्हतं. त्या एका पेल्यात काचेची कांडी बुडवून वर ओढत होत्या. कांडीला लाळेसारखा चिकट पदार्थ लागला होता आणि त्याची लांब तार निघत होती. भटूला राहवलं नाही.

"बाई, पाक आजून कच्चा शे."

"हा पाक नाही," बाई न वळता म्हणाल्या.

"मंग काय शे?"

"उंदराच्या पोटातल्या गाठीच्या पेशी. मिठाच्या पाण्यात फोडलेल्या."

भटूनं दोन्ही हात धोतराला पुसले. बाई मात्र आता वळल्या. "कच्चा कशावरून म्हणालास?"

"तार बारीक निंघस, पन लगेच तुटी जास. पक्की तार लोंबस."

बाईंनी शेजारचा दुसरा पेला पुढं केला. भटूनं कांडी घेतली, वर उचलली, तार किती खाली आल्यावर तुटते ते बघितलं. "हाई पक्की." तिसरा पेला. "हाई दोनीस्ना मझार," म्हणजे दोन्हींच्या मधला. बाईंनी वहीत पाहिलं. तिन्ही बरोबर होते. घट्टपणा मोजायचं यंत्र त्यांनी मुंबईहून मागवलं होतं आणि ते वर्षभर येतच होतं. बाईंनी यंत्राची वाट बघणं सोडलं आणि भटूला कामावर ठेवलं.

काय काम आहे ते त्यांनी पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं. प्रत्येक पेशीच्या पोटात एक लांबलचक दोरा असतो. पेशीनं काय व्हायचं, किती वाढायचं, ते त्या दोऱ्यात असतं. गाठीतल्या पेशी वेड्यासारख्या वाढतात, म्हणजे त्यांच्या दोऱ्यात काही बिघाड असणार. जनावराच्या स्वादुपिंडात एक रस असतो, विकर म्हणतात त्याला, तो हा दोरा कापतो. तो गाळून काढायचा, गाठीच्या पेशींवर घालायचा आणि काय होतं ते बघायचं.

"म्हंजे कातर," भटू म्हणाला.

"कातर. पण पाण्यासारखी."

तेव्हापासून त्या बाटलीचं नाव कातरपाणी पडलं. बाई कागदावर दुसरं काहीतरी लांबलचक लिहीत, पण बोलताना त्याही कातरपाणीच म्हणू लागल्या.

स्वादुपिंड आणायचं ते सुकलाल खाटकाकडून. बोकडाच्या जठरामागं फिकट गुलाबी, लांबट असा एक लोळा असतो. सुकलाल तो कुत्र्यांना टाकायचा. भटू दुधाची बरणी घेऊन समोर उभा राहिला तेव्हा सुकलालनं सुरी खाली ठेवली. "पाटील, तुमना घरमा अंडानं नाव काढं तरी चूळ भरतस. नी तू हाई मांगी ऱ्हायना?"

"माले खावाले नही पायजे."

"मंग कोनले?"

"उंदरंस्ले." एवढं सांगून भटूनं बर्फाचा चुरा बरणीत भरला. सुकलालनं त्या दिवशी दोन गिऱ्हाइकांना चुकीचं वजन दिलं म्हणतात.

बर्फाशिवाय लोळा क्षणभरही ठेवायचा नाही, असं बाईंनी तीनतीनदा बजावलं होतं. म्हणून भटू बरणी छातीशी धरून बाजारातून चालायचा, आणि ज्यांचा हक्काचा घास गेला होता ती सगळी कुत्री त्याच्यामागं. एस.टी. स्टँडवर एका प्रवाशानं बर्फ बघून कुल्फी मागितली. भटूनं झाकण उघडून दाखवलं. जसोदाबाईंनी तर घरात नियमच केला : आधी विहिरीवर अंघोळ, मग कडुलिंबाचं पाणी, मग उंबरा. "वावरमा उंदरंस्ना नायनाट करना म्हनीसन लोक पिंजरा लावतस, नी मन्हा मालक त्यास्ले दानापानी करस," असं त्या शेजारणींना सांगत, आणि सांगताना डोळे पुसत.

काम मात्र भटूला आवडलं. लोळा थंडगार आंबट पाण्यात वाटायचा, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचा, सकाळी गाळायचा, मीठ घालून साका खाली बसवायचा. मग फोडलेल्या पेशींच्या चिकट पेल्यात चार थेंब टाकायचे आणि तो मनातल्या मनात आकडे मोजत तार ओढायचा. वीसला तार आखूड व्हायची, चाळीसला तुटायची, साठला पेल्यात निव्वळ पाणी. साठऐवजी ऐंशी लागले तर तो तोंड वाकडं करून सांगायचा, "आजनी कातर बोथट शे." बाई ते वहीत लिहायच्या.

पण मूळ प्रश्न सुटत नव्हता. फुटलेल्या पेशींचा दोरा कातरपाणी कचाकच कापायचं, पण जिवंत पेशीवर घातलं की काही नाही. बाई एक निळा रंग घालून मायक्रोस्कोपातून बघायच्या. मेलेली पेशी रंग पिऊन निळी होते, जिवंत पेशी रंगाला दारात उभं करत नाही. कातरपाण्यात तासभर बसवलेल्या गाठीच्या पेशी पांढऱ्याशुभ्र, टुमटुमीत, लग्नाला आलेल्या पाहुण्यांसारख्या ढिम्म बसून असायच्या. विकर आतच शिरत नव्हतं. दोन वर्षं गेली, तीन गेली. तिकडं मुंबईहून पत्रं येऊ लागली की प्रगतीचा अहवाल पाठवावा. बाईंची जेवणं कमी झाली. त्या उंदरांवरसुद्धा ओरडू लागल्या.

मग १९६२ चा वैशाख आला. ऊन असं की बाजारातल्या कुत्र्यांनीही भटूचा पाठलाग सोडून दिला. एका सकाळी तो सुकलालकडून बरणी घेऊन निघाला. वाटेत एका लग्नाचा मांडव लागला. नवरदेव जसोदाबाईंच्या माहेरच्या कुणाचा तरी कुणीतरी होता. "जेवल्याबिगर जाऊ नको" असं एकानं म्हटलं, आणि भटूला एवढंच म्हणावं लागायचं. खापरावरचे मांडे होते, वाटीत आमरस होता, वाटी रिकामी दिसली की ती भरणारे उत्साही लोक होते. पाच वाट्यांनंतर भटू मांडवाच्या खांबाला टेकला.

जागा झाला तेव्हा वऱ्हाड गेलं होतं. बरणी उन्हात होती. बर्फाचं पाणी कोमट झालं होतं आणि त्यात लोळा तरंगत होता.

पळतपळत बर्फाच्या कारखान्यात जाऊन त्यानं नवा चुरा भरला आणि गोदामात पोचल्यावर तोंड उघडलं नाही. बाईंनी उशिराचं विचारलं. "सुकलालकडे गर्दी व्हती," भटू म्हणाला.

दोन दिवसांनी त्या अर्काची पाळी आली. बाई मायक्रोस्कोपाला डोळा लावून बसल्या त्या उठेचनात. मग अगदी हळू म्हणाल्या, "भटू, इकडे ये. बघ."

भटूनं बघितलं. सगळं निळं. पांढरी पेशी औषधालासुद्धा नव्हती.

बाईंनी त्या दिवशी स्वतःच्या हातानं चहा केला आणि भटूला दिला. इतका वाईट चहा त्यानं जन्मात प्यायला नव्हता, पण बाई हसत होत्या. चार वर्षांत त्यानं त्यांचे दात प्रथमच पाहिले. लग्नाच्या मांडवाचं सांगायचं त्याच्या ओठावर आलं होतं ते त्यानं चहाबरोबर गिळलं.

पुढचा लोळा त्यानं इमानेइतबारे बर्फात आणला. पेशी पुन्हा पांढऱ्या, पुन्हा ढिम्म. बाई दिवसभर खुर्चीत बसून राहिल्या. "माझंच काहीतरी चुकतंय," असं म्हणाल्या. भटूला ते सोसवलं नाही. पुढच्या खेपेला त्यानं बरणी गोदामामागच्या पत्र्यावर ठेवली, तीन तास, आणि मग वरून बर्फ घालून आत नेली. पेशी निळ्या. त्याच्या पुढच्या खेपेलाही तसंच. बाईंचं जेवण सुधारलं. भटूनं स्वतःची समजूत घातली, की गुळातही कुणी चुना घालतो, कुणी भेंडीचं पाणी घालतो, आपण नुसतं ऊन घातलं.

बाईंनी मुंबईला कळवलं. मग एका साप्ताहिकाचा माणूस येऊन बसला. बाईंनी त्याला तासभर समजावलं : हे काचेच्या नळीत आहे, उंदराच्या पेशींवर आहे, फक्त तीनदा झालं आहे, अजून बरंच तपासायचं आहे. त्यानं सगळं लिहून घेतलं आणि छापलं ते असं : 'खानदेशकन्येने कर्करोग विरघळवला!' बाई संतापल्या. पण त्यांच्या वडलांनी तो अंक उशाशी ठेवून घेतला आणि वाकड्या तोंडानं हसले, त्यामुळं त्या गप्प झाल्या.

बातमीत शेवटी 'सहायक श्री. भटू पाटील' असे चार शब्द होते. तेवढ्यावर भटूचं गाव पेटलं. रूपचंदनं त्याला बोलावून गुऱ्हाळावर गूळ चाखवला, फावड्याचा विषयही काढला नाही. लोक त्याला 'भटू डॉक्टर' म्हणू लागले. कुणी खरूज दाखवी, कुणी म्हशीची कास दाखवी. भटूनं एकदोनदा "मी डॉक्टर नही" म्हणून पाहिलं, पण आवाजात जोर नव्हता. पुढं पुढं तो म्हशीची कास बघू लागला. बाईंचा पांढरा डगला मागून घेऊन, हातात काचेची नळी धरून, त्यानं बाजारातल्या स्टुडिओत एक फोटोही काढून घेतला. मागं पडद्यावर रंगवलेलं सरोवर आणि दोन हंस होते.

तो फोटो गोदामात आणून त्यानं टेबलावर टेकवून ठेवला आणि बघत बघत बाटल्या भरू लागला. उन्हातल्या अर्काचा एक थेंब फोटोवर पडला. भटूनं पुसला नाही, आपोआप वाळेल म्हणाला. थोड्या वेळानं पाहतो तर थेंबाखालून काळपट साय सुटत होती. फडक्याचा कोपरा लावला, तर फडक्याबरोबर त्याच्या मिशा निघून आल्या. खाली कोरा कागद.

भटू बराच वेळ बिनमिशांच्या स्वतःकडे पाहत उभा राहिला. कातरपाणी दोरा कापतं. फोटोत कुठला आला दोरा? मग त्यानं फ्रिजमधून बर्फातल्या अर्काची बाटली काढली. तिचा थेंब फोटोतल्या कपाळावर टाकला, उन्हातल्याचा थेंब हनुवटीवर. शेजारी स्टूल घेऊन बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा अर्धा तास झोप न येता बसून राहिला. कपाळ जसंच्या तसं राहिलं. हनुवटी गेली. खात्रीसाठी एक हंस बर्फाला दिला, एक उन्हाला. उन्हातला हंसही गेला.

उन्हात त्या लोळ्यात दुसरंच काहीतरी जागं होत होतं, आणि ते दोराबिरा काही बघत नव्हतं, दिसेल ते खात होतं. गाठीच्या पेशी मरत होत्या त्यानं. भटूनं फोटो पालथा करून खिशात घातला. सांगावं तर बाईंच्या तोंडचा घास जातो, आपली डॉक्टरकी जाते. त्यानं ठरवलं, सोमवारी सांगू. सोमवारी ठरवलं, गुरुवारी सांगू.

बुधवारी रेवाबाई आल्या. रेवाबाई म्हणजे भटूच्या वडलांची थोरली बहीण, त्याची फुई. आई लवकर गेल्यावर भटूला तिनंच वाढवलं होतं, बहुतेक करून शिव्यांवर. गोदामाच्या दारातून तिनं हाक मारली, "कोठे शे रे तो डॉक्टर?"

"फुई! तू आठे कशी उनी?"

"यस्टीघाई उनी. उडीसन येवाले मी काय बगळा शे?" रेवाबाईंनी पदराखालून एक रिकामी बाटली काढली, घासून लख्ख केलेली. "हाई भरी दे."

"काय भरू?"

"गाठनं औसद. पेपरमा छापेल शे. रूपचंदनी वाची दखाडं."

"कोनले गाठ शे, फुई?"

"माले." रेवाबाईंनी इकडंतिकडं बघितलं. आजूबाजूला उंदरांखेरीज कुणी नव्हतं. "छातीमा. आठ महिना जायनात."

"आठ महिना! नी सांगं नही?"

"कोनले सांगू? असं काय चावडीवर बठीसन सांगतस का? भर बाटली. शेवटली यस्टी पकडनी शे माले."

भटू बाटली हातात घेऊन उभा राहिला. पाच वर्षांचा असताना त्याला गोवर आला होता तेव्हा हीच बाई रात्रंदिवस उशाशी बसून त्याला आणि गोवराला आळीपाळीनं शिव्या देत होती. त्यानं खिशातून फोटो काढला आणि तिच्यापुढं धरला.

"हाई कोन?" रेवाबाईंनी विचारलं.

"मी."

"तुन्हं तोंड कोठे गयं?"

"ते औसदनी खाई टाकं, फुई. ते औसद नहीच शे. मटन जसं पोटमा पचस, तसं ते पचाडस. कागदवरनं तोंड खादं, तुन्ही छाती खाई टाकी."

"मंग पेपरमा?"

"पेपरमा खोटं शे. आनी ते मन्हामुळे शे."

रेवाबाईंनी त्याच्या हातातली बाटली काढून घेतली, शिवी न देता. हे नवीनच होतं. मग त्यांनी भटूच्या दंडाला धरलं. "मंग माले काय सांगी ऱ्हायना? तुन्ही बाईले सांग जाय."

तसाच दंड धरून त्यांनी त्याला आतल्या खोलीत नेलं. बाई अहवाल लिहीत होत्या. भटूनं खाली बघून सगळं सांगितलं : मांडव, मांडे, आमरस, पत्र्यावरची बरणी, मिशा, हंस. बाईंनी लेखणी टेबलावर ठेवली. चेहरा पांढराफटक. रेवाबाईंना वाटलं, आता ही मारणार. त्या किंचित बाजूला सरकल्या, मारायला जागा असावी म्हणून.

"पहिल्या वेळी किती तास उन्हात होती?" बाईंनी विचारलं.

"तीन असतीन."

"असतीन नको. सांग."

"जेवन जायनं तवय बाराना भोंगा व्हयना. उठनू तवय तीननी गाडी जाई ऱ्हायनी व्हती."

बाईंनी ते लिहून घेतलं. मग लेखणी भिंतीवर फेकली, आणि चार वर्षं शुद्ध मराठी बोलणाऱ्या बाईंचा बांध फुटला. "भटू, तू मानूस शे का बोकड? मन्हं नाव छापेल शे! मन्हा बापनी तो पेपर उशाखाले ठेयेल शे!"

"मारा त्याले," रेवाबाईंनी सुचवलं. "मी काही म्हनाव नही."

बाईंनी मारलं नाही. त्या खुर्चीत बसल्या, आणि निराळ्याच आवाजात रेवाबाईंना म्हणाल्या, "आजी, मला गाठ बघू द्या."

बघून झाल्यावर बाई म्हणाल्या की ह्यावर बाटलीतलं काही उपयोगाचं नाही, गाठ कापूनच काढायला हवी, आणि ती आजच्या आज दाखवायला हवी. चिंचपाड्याला मिशनचा दवाखाना आहे. भटू, ह्यांना गाडीनं घेऊन जा. रेवाबाईंनी अंगावर सुरी चालवून घ्यायला साफ नकार दिला. स्टेशनापर्यंत नकार देत आल्या, डब्यात चढताना नकार दिला, चिंचपाडा येईपर्यंत समोरच्या बाकावरच्या कोकणी आदिवासी बाईला आपला नकार समजावून सांगत होत्या. त्या बाईला त्यांची बोली अर्धीच कळत होती, पण तिनं मांडीवरच्या टोपलीतली करवंदं काढून दिली आणि मान हलवत राहिली. दवाखान्यात टेबलावर झोपवल्यावर मात्र रेवाबाई डॉक्टरला म्हणाल्या, "करनं शे ते कर, इचमा थांबू नको. आनी ह्या भटूले बाहेर काढ, तो आठेच झोपी जाई."

भटू बाहेरच्या बाकावर बसला. झोप आली नाही.

गाठ निघाली. रेवाबाई पंधरा दिवस चिंचपाड्यात राहिल्या आणि तेवढ्यात त्यांनी तिथल्या स्वयंपाकघरातली आमटी सुधारली. टाके काढायच्या दिवशी भटूनं विचारलं, "फुई, दुखस का?"

"दुखस नही ते काय गुदगुल्या व्हतीस? जाय, जिलबी लई ये."

नंदुरबारला बाईंनी साप्ताहिकाला पत्र लिहिलं, की आपला निष्कर्ष चुकीचा होता. साप्ताहिकानं ते चौथ्या पानावर, कापसाच्या भावांच्या खाली, दोन ओळींत छापलं. ते कुणी वाचलं नसतं, पण रूपचंद कापसाचे भाव वाचायचा. गावात भटूची डॉक्टरकी एका सकाळीत संपली. ज्यांनी म्हशी दाखवल्या होत्या त्यांनी म्हशींची माफी मागावी असं कुणीतरी म्हणालं. बाईंच्या वडलांनी उशाचा अंक स्वतःच फाडून टाकला आणि लेकीला हातानं खूण केली, की जेव.

बाई आठ दिवस भटूशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी म्हणाल्या, "आजपासून चार बरण्या. एक बर्फात, एक तासभर उन्हात, एक दोन तास, एक तीन तास. आणि आमरस नाही." दोन महिने तेच चाललं. प्रत्येक अर्काचे थेंब फोटोंवर टाकायचे. बाईंनी समजावून सांगितलं, की फोटोच्या कागदावर जो चकाकता थर असतो तो जनावरांच्या हाडा-कातड्यांतून काढतात, म्हणून मांस पचवणारं विकर तो खातं. हे विकर ताज्या लोळ्यात झोपलेलं असतं. उन्हानं उठतं.

"मन्हं उलटं शे," भटू म्हणाला. बाई हसल्या नाहीत, पण तोंड फिरवून घेतलं.

स्टुडिओवाल्यानं बिघडलेले फोटो गठ्ठ्यानं दिले. ह्या संशोधनापायी नंदुरबारातल्या कितीतरी अनोळखी नवरदेवांचे चेहरे गेले. शेवटी बाईंनी चार पानांचं टिपण लिहिलं : शुद्ध कातरपाणी जिवंत गाठीच्या पेशीला मारत नाही, मारल्यासारखं दिसलं तर आधी ते शुद्ध आहे का हे फोटोच्या कागदावर तपासून बघा. मुंबईच्या एका नियतकालिकानं ते मागच्या पानांत छापलं. त्यात कुणाचंही नाव होणार नव्हतं, झालंही नाही. अनुदान थांबलं नाही एवढंच.

गंमत म्हणजे नुसतं दोरा कापणारं, बर्फातलं, सभ्य कातरपाणी भलत्याच कामी आलं. ज्यांना गाठीचे तुकडे सोडवून एकेक पेशी सुटी करायची असे, त्यांना मेलेल्या पेशींच्या फुटलेल्या दोऱ्यांचा चिकटा फार छळायचा, सगळ्या पेशी एकमेकींना चिकटून लाडू व्हायचा. चार थेंब कातरपाणी घातलं की लाडू सुटायचा, आणि जिवंत पेशींना धक्का लागायचा नाही. हे बाईंनी दाखवून दिल्यावर मुंबईहून बाटल्यांची मागणी येऊ लागली. भटू बाटल्या लाकडी भुशात आणि बर्फात बांधून गाडीवर चढवायचा आणि गार्डला दम द्यायचा, की ऊन लागलं तर बघ.

१९६६ साली बाईंचे वडील गेले. वर्षभरानं बाईंना मुंबईची नोकरी आली. गोदामाला कुलूप लागणार होतं. जाण्याआधी त्यांनी गावातल्या सायन्स कॉलेजच्या नावे एक चिठ्ठी भटूच्या हातात दिली. कॉलेजचे प्राध्यापक इंदुरी थाटाचे होते, टाय लावायचे. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली.

"शिक्षण किती?"

"चौथी. एकदाव नापास."

"इथं बाईंनी लिहिलंय, तुमच्यामुळे त्यांच्या संशोधनाची दिशा बदलली. नेमकं काय केलंत तुम्ही?"

भटूनं थोडा विचार केला. "आमरस खादा, साहेब."

प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बाई उगाच कुणाचं कौतुक करणाऱ्या नव्हत्या हे त्यांना ठाऊक होतं. "कामावर कधीपासून येता?"

"आखाजीना सण व्हई जाऊ द्या," भटू म्हणाला. "मन्ही फुई येवावं शे, आठ दिवस ऱ्हाई. ती घरमा असनी का माले कोठेच जाऊ देत नही."